धुतलेले पंजे

प्रिय दोरिआन,

फोन सोडून हिने पत्र का लिहिलं, असं तू आधी म्हणशील. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तिसऱ्याला तू भडकतोस आणि लगेच बाबांना फोन लावतोस. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही. शिवाय घरात बोलायची सोय राहिलेली नाही. बाबा हल्ली दिवसभर स्वयंपाकघरात बसून असतात, आणि दवाखान्यात लोरेडाना आहे, तिचे कान तुला माहीतच आहेत. इंजेक्शन देताना तिचे हात जितके हलके, तितकीच तिची जीभ जड. म्हणून दुपारच्या सुट्टीत ऑपरेशनच्या खोलीचं दार लावून घेतलं आहे आणि औषधांच्या फडताळाला टेकून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

फिना बरी आहे. हे आधी सांगते, कारण पुढे वाचताना तुझा जीव तिच्यातच अडकेल. बुटाच्या खोक्यातून तू तिला घरी आणलंस आणि पहिल्या रात्री तिला तुझ्या स्वेटरमध्ये झोपवलंस, ते मला आठवतं. आता ती खाते, हिंडते, अंगणात सरड्यांच्या मागे लागते. पोटावर लांब व्रण आहे, तिथले केस अजून आलेले नाहीत. तिच्या आतड्याचा वीतभर तुकडा मी कापून काढला. तुला कळवलं नाही, कारण बाबांनी शपथ घातली होती. "त्याला जंगल नकोय ना, मग जंगलातल्या भानगडीही त्याला कशाला?" असं म्हणाले. मीही ऐकलं. तेव्हा ती एक दुखणाईत कुत्री होती, ऑपरेशन झालं, वाचली, विषय संपला, असं मला वाटलं होतं.

हंगाम सुरू झाला तेव्हा सगळं नेहमीसारखंच होतं. दरीत धुकं, पुलाजवळ गाड्या उभ्या, आणि मातीखालच्या, सोन्याच्या भावाच्या ट्रफल अळंबीच्या वासाने वेडी झालेली कुत्री पहाटेपासून ओकवृक्षांखाली नाकं घासत फिरणारी. मग एजिदिओ त्याचा कुत्रा घेऊन आला. मोठा, पांढरा, सगळ्या खोऱ्यात नाक त्याच्यासारखं नाही असं एजिदिओ सांगत फिरायचा तो. पोट ताणून टणक झालेलं, हिरड्या फिकट, उलटीत नुसतं पिवळं पाणी. मी एक्स-रे काढला, पोट उघडलं, तर आतड्यात चरबीत तळलेला स्पंज. कुत्रा तो मांस समजून गिळतो आणि आत तो फुगतो. कुणीतरी मुद्दाम टाकला होता, दुसऱ्याचा कुत्रा आपल्या ट्रफलच्या जागेत फिरकू नये म्हणून. बाकी आतडं काळं पडलं होतं. तो टेबलावरच गेला.

एजिदिओ भिंतीशी उभा राहून रडत होता, आणि मी त्याला विचारलं, "कुठे खाल्लं याने?"

"जंगलात."

"जंगलात कुठे?"

"झाडाखाली."

"अरे, कुठल्या झाडाखाली? तिथे अजून पडलं असेल, दुसऱ्यांना सांगायला नको?"

"झाडांना काय नावं असतात होय, डॉक्टरीणबाई?" डोळे पुसत म्हणाला. कुत्रा मेला होता, तरी जागा सांगायला तयार नाही! आणि मी त्या कुत्र्याला चादरीत गुंडाळताना पाहिलं, त्याचे चारही पंजे स्वच्छ होते. नखांच्या खोबणीतसुद्धा माती नाही. जंगलातून मरायला टेकलेलं जनावर घेऊन निघालेला हा माणूस वाटेत नळावर थांबला होता. लाल माती की राखाडी चिकणमाती, यावरून मी जागा ओळखीन म्हणून त्याने कुत्र्याचे पाय धुतले होते.

त्यानंतर जी जी कुत्री आली, त्यांचे पंजे मी पहिल्यांदा बघू लागले. सगळ्यांचे धुतलेले. एकाने तर साबण लावला होता, लॅव्हेंडरचा वास येत होता. लोरेडाना म्हणाली, "ताई, आपण दवाखान्याबाहेर पाटी लावू या, पाय धुऊन येऊ नये म्हणून." हसलो आम्ही दोघी. आणखी काय करणार? काही वाचवली, काही गेली. प्रत्येक मालक तेच सांगत होता: जंगलात, झाडाखाली. कुणी कुणाला सावध केलं नाही. तू तिकडे त्रिएस्तेच्या गोदीवर लोखंड जोडतोस, तुला हे सगळं वेडेपणाचं वाटेल. पण तूही याच घरात वाढलास. जागा बायकोला सांगत नाहीत, पाद्र्याला सांगत नाहीत. बाप मुलाला दाखवतो, तेही एकदाच, पायी चालत, कुत्रं बरोबर घेऊन.

मग एका सकाळी बाबा फिनाला घेऊन आले. मी दारातच तिचा पंजा हातात घेतला. ओला होता. पोटरीपर्यंत केस नीट विंचरल्यासारखे चिकटलेले. मी बाबांकडे बघितलं आणि त्यांनी नजर फिरवली. दोरिआन, माझ्या बापाने माझ्यापासून लपवायला कुत्रीचे पाय धुतले! त्या वेळात तिच्या आतड्याचा किती भाग मेला, हे माझ्या टेबलावर मला बोटांनी चाचपून कळत होतं. पोट उघडल्यावर मी घडीघडीने आतडं बाहेर काढलं. निळसर, मग जांभळं, मग काळं. चांगल्या भागाला चांगला भाग जोडून शिवला, सलाईन भरून बघितलं, टाक्यांतून थेंब येत नाही ना म्हणून. मग तिचं पोट बंद करून मी हातमोजे काढले आणि इथेच, या फडताळापाशी, खाली बसले.

बाहेर येऊन मी विचारलं, "कुठे, बाबा?" ते म्हणाले, "जंगलात."

"मी तुमची मुलगी आहे. मला तरी सांगा."

"तू सगळ्यांच्या कुत्र्यांना हात लावतेस. उद्या बोलून जाशील."

"भूल मी देते, बाबा. घेऊन बरळत नाही."

ते हसले नाहीत. बाकावर बसून टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "जगेल ना ती?" मी म्हटलं, जगेल, पण या हंगामात जंगलात न्यायची नाही. त्यांनी मान हलवली, इतक्या शांतपणे की तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आपले बाबा साधं घरातलं मीठ संपलं तरी आकांडतांडव करतात. त्या दिवशी आवाज चढला नाही, शिवी निघाली नाही. मला वाटलं, थकले.

मग ते मला दवाखान्याबद्दल विचारायला लागले. इतकी वर्षं मी कापते, शिवते, घरी येऊन हात धुते, त्यांनी कधी विचारलं नाही. आता रोज जेवायला बसलं की, सूप वाढायच्या आत, "आज कुणाचं कुत्रं आलं?" मी सांगे: मांजराच्या दाताचं होतं, सशाच्या पायाचं होतं, एका म्हाताऱ्या कुत्रीच्या छातीवरची गाठ काढली. ते "हं" म्हणत आणि खाऊ लागत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला बरं वाटायचं, खरं सांगते. आई गेल्यापासून त्या टेबलावर आम्ही दोघं भांड्यांचेच आवाज ऐकत जेवत होतो. वाटलं, फिनामुळे म्हाताऱ्याला माझ्या कामाची किंमत कळली. मी रंगवून सांगायला लागले. एकदा विचारलं, "एजिदिओने नवं पिल्लू घेतलंय म्हणे. आलं होतं का?" मी म्हटलं, लस टोचायला आलं होतं, ठणठणीत आहे. बाबांनी ब्रेडचा तुकडा ताटलीत परत ठेवला. "ठणठणीत?" म्हणाले. "बरं."

घरात चरबीचा वास येत होता, तोही मी नाकाआड केला. बाबा खिडक्या उघडायचे नाहीत. मी विचारलं, काय तळलंत? म्हणाले, बटाटे. बटाटे मला कधी दिसले नाहीत.

गेल्या आठवड्यात मार्चेलाबाई आल्या. आपल्या चौथीच्या वर्गाच्या, हो, त्याच, तुला कान धरून उभं करणाऱ्या. आता निवृत्त झाल्या आहेत, एकट्या राहतात, आणि पिको नावाचा एक आखूड पायांचा, जाडा, कुठल्याच जातीचा नसलेला कुत्रा पाळलाय. ट्रफल नाकासमोर धरलं तरी त्याला कळणार नाही. त्यांनी त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणलं होतं, आणि त्याचे पंजे, दोरिआन, चिखलाने भरलेले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे मळकं कुत्रं घेऊन आलं होतं. बाईंकडे लपवायला काही नव्हतं. "नदीच्या वाटेवर त्याला मोकळा सोडला, बाळा, आणि तो झाडीत शिरला. हाका मारून मारून घसा बसला. किती वेळाने आला, काय खाल्लं, कुठे गेला होता, काहीच माहीत नाही गं." त्यांचा आवाज खरंच बसला होता.

मी त्याला उघडलं. स्पंज होता. पण या वेळी तो अजून जठरात होता, पुरता फुगलेला नव्हता, आणि त्याच्याभोवती तो आवळून बांधलेला दोरा होता. पिवळसर, अर्धा विरघळलेला, एका गाठीपुरता उरलेला. मी तो चिमट्याने उचलून दिव्याखाली धरला. लोरेडाना म्हणाली, "ताई, हा तर आपला दोरा!" मी म्हटलं, "गप्प बस, सक्शन धर."

आपलाच होता. कॅटगट, मेंढीच्या आतड्याचा, जुन्या डॉक्टरांच्या वेळचा. मी तो कधीच वापरत नाही. मुदत संपलेली रिळं कपाटात पडून होती, ती मी गेल्या हिवाळ्यात बाबांना दिली, सॉसेज बांधायला. या खोऱ्यात तो दोरा दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि ती गाठ. दोन वेढे, एक उलटा, वर छोटा फास. ती मला वैद्यकाच्या शाळेत नाही शिकवली कुणी. मी सात वर्षांची असताना धुराड्यापाशी स्टुलावर उभी करून बाबांनी शिकवली होती. परीक्षेत प्राध्यापकांनी विचारलं होतं, हात इतका सराईत कसा? मी अभिमानाने सांगितलं होतं, माझे वडील सॉसेज बांधतात.

पिको त्याच दिवशी गेला. स्पंजने नाही. भुलीत त्याचं हृदय थांबलं, म्हातारा होता, जाडा होता. मी बाईंना तेच सांगितलं. बाकीचं नाही सांगितलं. त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, "तू खूप केलंस." दोरा मी कापसात गुंडाळून खिशात ठेवला होता.

संध्याकाळी टेबलावर त्यांनी विचारलं, "आज कुणाचं कुत्रं आलं?" मी म्हटलं, "मार्चेलाबाईंचा पिको. मेला." त्यांचा चमचा तोंडाशी थांबला. खरंच धक्का बसला होता त्यांना. आणि त्या धक्क्यात त्यांच्या तोंडून गेलं, "तो तिथे कशाला गेला होता?"

"तिथे म्हणजे कुठे, बाबा?"

मी कापूस उघडून दोरा त्यांच्या ताटलीशेजारी ठेवला. ते त्याच्याकडे बघत राहिले. फिना टेबलाखाली त्यांच्या पायावर मान टाकून झोपली होती. मग ते हळूच म्हणाले, "ज्याने हिला घातलं, तो आपल्या जागांवर येतो. येणारच. त्याचं कुत्रं खाईल तेव्हा कळेल कोण ते. तुझ्याकडेच घेऊन येईल ना तो?"

म्हणजे मी त्यांचा सापळा होते, दोरिआन. माझा दवाखाना, माझं टेबल, माझी रोजची ती रंगवून सांगितलेली गोष्ट. कुणाचं कुत्रं येतं यावरून ते माणूस पकडणार होते. त्यांना एजिदिओचा संशय आहे. मी म्हटलं, "अहो, त्याचाच कुत्रा पहिला मेला!" तर म्हणाले, "संशय येऊ नये म्हणून." जो माणूस माझ्या भिंतीशी उभा राहून लहान पोरासारखा रडला, त्याच्याबद्दल हे! मी ओरडले, रडले, हात जोडले. किती ठेवलेत, कुठे ठेवलेत, आत्ताच्या आत्ता जाऊन उचलून आणू या म्हटलं. त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "जंगलात."

मी त्यांच्या मागेही गेले. ते सकाळी निघाले, मी अंतर ठेवून. त्यांना दहा पावलांत कळलं. मला त्यांनी सगळी टेकडी फिरवली, स्वतःचे गुडघे दुखत असताना, आणि शेवटी एका दगडावर बसून पाइप ओढत राहिले. "थंडी वाजेल तुला, घरी जा," म्हणाले, प्रेमाने. तेच मला सहन झालं नाही. ते वेडे झालेले नाहीत. फिनाला अजून हाताने भरवतात, मार्चेलाबाईंच्या दारात त्यांनी लाकडं रचून ठेवली, न विचारता. आणि तरीही त्यांना वाटतं आपण बरोबर करतो आहोत.

पोलिसांना सांगायला हवं, हे मला कळतं. मी डॉक्टर आहे, ते माझं कर्तव्यच आहे. त्यांच्या चौकीपर्यंत जाऊन परतले आहे. लाजेने परतले असं समजू नकोस. लाज मी गिळली असती. पण ते बाबांना घेऊन जातील, खुर्चीवर बसवतील, विचारतील, आणि बाबा तोंड मिटून बसतील. तुला वाटतं, ते त्यांना जागा सांगतील? कोठडीत मरतील, पण सांगणार नाहीत. आणि ते सगळं तसंच पडून राहील पानांखाली. येत्या रविवारी सगळ्या खोऱ्यातली कुत्री जंगलात उतरणार आहेत, पिल्लांना पहिल्यांदा नेतात तो दिवस. एजिदिओ तर आत्तापासून त्याच्या पिल्लाला पट्टा घालून गावभर मिरवतो आहे. काल ते पिल्लू माझ्या बुटाची नाडी चावत होतं आणि मला त्याच्या पोटाकडे बघवेना.

तू बाबांना म्हणाला होतास, "मला तुमच्या जागा नकोत, मला माझं आयुष्य हवंय." बरोबर होतास. तेव्हा मी तुझ्याच बाजूने होते. पण त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, तुला माहीत आहे? लोकांना अजून सांगतात, पोरगा गोदीवर पैसे साठवतोय, मग येणार. त्या संध्याकाळच्या सगळ्या रडारडीत मी शेवटी विचारलं, "जगात एकाला तरी सांगाल का?" तर म्हणाले, "दोरिआन आला असता तर त्याला दाखवल्या असत्या. आता कुणाला?" आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला.

म्हणून हे लिहिते आहे. शनिवारी ये. दारात उभा राहून सांग की तू चुकलास, तुला जागा हव्यात. ते विश्वास ठेवतील, कारण त्यांना ठेवायचाच आहे. कदाचित रडतील, त्यांना धर, तुलाही रडू आलं तर येऊ दे, ते खोटं नसेल. मग ते फिनाला पट्टा लावून (त्या दिवशी मी अडवणार नाही) तुला घेऊन निघतील, बाप मुलाला नेतो तसे, आणि एकेक जागा दाखवतील. हे आयुष्यात एकदाच होतं आणि तू ते माझ्यासाठी खोटं खोटं करणार आहेस, हे मला समजतं. ते मला कधी क्षमा करणार नाहीत, कदाचित तुलाही. त्या स्पंजांबद्दल ते तुला अवाक्षर बोलणार नाहीत, तूही विचारू नकोस. नुसतं फिनाकडे लक्ष ठेव. ती पुढे हुंगत चालेल. जिथे जिथे बाबा वाकून तिला कडेवर उचलून घेतील, ती जागा लक्षात ठेव, आणि परत येऊन मला सांग.

तुझीच,
नेविया